कलम म्हणून कोयीची रोपं विकली

आमच्या सोलापूरच्या कॉलनीत बागवेड्या बायकांचा एक गट आहे. मे महिन्यात पारा 42-43 ला टेकतो तेव्हाही हिरव्या जाळीखाली कुंड्या जगवणाऱ्या आम्ही. गांडूळखतात माती किती घातलीय, हे मूठभर हातात घेऊन सांगू. तरी फसलो.

गेल्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेला आणि गेटपाशी टेम्पो लागला. "रत्नागिरीची कलमं! हापूस, केशर, बारमाही!" टेम्पोच्या तोंडाशीच कमरेएवढं झाड, त्याला तीन कैऱ्या. तिथेच आमची अर्धी विकेट पडली. माणूस बोलायला गोड. बाकीच्या ताई, मी मावशी. दोन वर्षांत फळ नाही आलं तर बदलून देतो म्हणाला. एक कलम 380 रुपयांना, आम्ही 32 घेतली. मीच सगळ्यांचे पैसे गोळा करून फोनवरून 12,160 पाठवले. पावती मागितली तर वहीचं पान फाडून दिलं, आणि मी ते घेतलंही.

दिवाळीनंतर माझ्या रोपाची प्लॅस्टिकची पट्टी खोडात रुतायला लागली, म्हणून ब्लेडनं कापली. आत सांधा नव्हताच. खऱ्या कलमात कोयीच्या रोपावर चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून बसवतात; त्या सांध्याची खूण दिसते, तिथे खोड थोडं फुगलेलं असतं. इथे वरपासून खालपर्यंत एकच गुळगुळीत दांडी, मधे पातीनं मारलेला ओरखडा, तोही भरून आलेला. रस काढून फेकलेल्या कोयी रुजवायच्या, वर पट्टी गुंडाळायची, झालं कलम! घरोघरी जाऊन पट्ट्या सोडवल्या. 29 रोपं तसलीच. त्याचा फोन बंद. त्या दिवशीचा फोटो मोठा करून पाहिला तर कैऱ्यांच्या देठांना हिरवा दोरा.

कोयीच्या झाडाला फळ यायला सात-आठ वर्षं सहज जातात, आणि आंबा कसला निघेल याचा भरवसा नाही. तेव्हा पैसे देण्याआधी पट्टी सोडून सांधा दाखवायला सांगा. कां-कूं केली तर टेम्पो जाऊ द्या. फळझाडांच्या रोपवाटिकेला महाराष्ट्रात 1969 च्या कायद्यानं परवाना लागतो. त्याचा नंबर पावतीवर मागा. आणि आमच्याकडच्या कोरड्या हवेत कुंडीतला हापूस दोन वर्षांत खायला घालतो म्हणणाऱ्यावर तर हसायलाच हवं होतं. इथे केशर बरा येतो, हे आम्हाला काय ठाऊक नव्हतं? पण कैऱ्या दिसल्या ना!

रोपं उपटून टाकवेनात. यंदा पावसाळ्यात ओळखीच्या माळ्याकडून त्यांच्यावरच केशरच्या काड्या बांधून घेतल्या. 17 जगल्या. तो बांधत होता तेव्हा आम्ही सगळ्या भोवती कोंडाळं करून एकेक पाचर बघत होतो. शेवटी बिचारा वैतागून म्हणाला, "काकू, जरा उजेड तरी सोडा."