नेपाळ की भूतान? रस्त्याने सीमा ओलांडायची तर

एजंट न गाठता, आपलं आपण, रेल्वेने किंवा घरच्या गाडीने दुसऱ्या देशात जायचं तर आपल्याला दोन देश जमण्यासारखे आहेत: नेपाळ आणि भूतान. भारतीय नागरिकाला दोन्हीकडे व्हिसा लागत नाही. त्यामुळे दोन्ही सीमा सारख्याच असतील असं धरून लोक निघतात आणि तिथेच चुकतात. नेपाळच्या सीमेवर आपल्याला कुणी हटकत नाही, म्हणून सगळे कागद आपणच आठवणीने करून घ्यावे लागतात. भूतान दारातच सगळं तपासून घेतो, पैसेही घेतो, आणि मग आपण मोकळे.

ओळखपत्राचं आधी बघा, कारण आपल्याकडे सगळ्यांच्या खिशात आधार असतं आणि नेमकं तेच इथे उपयोगाचं नाही. दोन्ही देशांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. नेपाळसाठी पंधरापेक्षा लहान आणि पासष्टच्या पुढच्यांना आधार चालतं, म्हणजे आईवडिलांना पशुपतिनाथाला नेणाऱ्यांची तेवढी सोय आहे. आमच्या घरी भूतानच्या वेळी वेगळाच घोळ झाला. बायकोच्या मतदार कार्डावर माहेरचं नाव, आणि मी परवान्याचा अर्ज आणि हॉटेलचं बुकिंग दोन्ही सासरच्या नावाने केलेलं. फुंटशोलिंगला, म्हणजे भूतानच्या सीमेवरच्या गावात, खिडकीशी उभं राहून अर्ज पहिल्यापासून भरला, हॉटेलवाल्याकडून नवं पत्र मागवलं, अर्धा दिवस गेला. पासपोर्ट असेल तर दोन्हीकडे तोच न्या.

नेपाळला मुंबईहून सगळ्यांत सोपी वाट गोरखपूरची. कुर्ला टर्मिनसवरून थेट गाड्या आहेत, पुढे सीमेवरचं सुनौली साधारण शंभर किलोमीटर. सीमेच्या कमानीखालून माणसं, सायकली, भाजीच्या हातगाड्या एकसारख्या ये-जा करत असतात. आपणही चालत गेलो की झालं, ना शिक्का ना नोंद. गाडी असेल तर मात्र पलीकडे बेलहियाला भन्सार, म्हणजे जकात भरायची. ती दिवसांवर मोजतात. जेवढे दिवस राहायचं त्याहून एक-दोन जास्तच भरा, कारण डोंगरात दरड कोसळली की परतीचा दिवस आपल्या हातात राहत नाही आणि मुदत उलटली की दंड. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतीपत्र ठेवा. आणखी एक गोष्ट फार थोडे जण करतात: आपला गाडीचा विमा भारतापुरताच असतो. थोडा जादा हप्ता भरून तो नेपाळ-भूतानपर्यंत वाढवून मिळतो. हे निघण्याआधी विमा कंपनीकडून लेखी करून घ्या.

भूतानला न्यू जलपायगुडीवरून हासिमारा, तिथून आपल्या बाजूचं जयगाव, आणि सीमेच्या गेटच्या पलीकडे फुंटशोलिंग. इथे परवाना लागतो. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि तसाच करावा. शिवाय माणशी दर रात्री १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क, सगळे त्याला एसडीएफ म्हणतात. ते भारतीयांनाही लागू आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना नाही. नवरा-बायको आणि दहा-बारा वर्षांची दोन मुलं पाच रात्री राहिली तर १८,००० रुपये नुसते शुल्काचेच. थिंफू-पारोच्या पुढे पुनाखा, बुमथांगला जायचं तर सोबत मान्यताप्राप्त गाइड घ्यावा लागतो, म्हणजे मनात आलं आणि वळलो असला प्रवास इथे होत नाही. मला स्वतःला तो नेपाळमध्येच जास्त आवडतो. पण लहान मुलं घेऊन पहिल्यांदाच सीमा ओलांडणाऱ्याला मी भूतान सांगेन. एकदा परवाना हातात पडला की कुठला कागद राहिला याची धाकधूक नसते.

पैशांचं दोन्हीकडे सोपं आहे. भूतानचा एक न्गुल्ट्रम म्हणजे आपला एक रुपया, तर नेपाळमध्ये आपल्या शंभराचे १६० नेपाळी रुपये.

आता घरातलं कुणी परदेशी पासपोर्टवर असेल तर सगळं गणित बदलतं. माझी भाची अमेरिकन नागरिक आहे, तिच्याकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते. ओसीआय आपल्या देशात यायला-जायला, या दोन देशांत त्याची काही सवलत नाही. नेपाळचा व्हिसा तिला सीमेवरच मिळाला, १५ दिवसांचे ३० डॉलर. भूतानला तिने दर रात्री १०० डॉलर आणि वर व्हिसाचे ४० भरले असते. पाच रात्रींचे ५४० डॉलर.

पण सुनौलीला आम्ही तिच्याबाबतीतच चुकलो. सगळ्यांबरोबर तीही सरळ कमानीखालून चालत गेली. नेपाळच्या व्हिसाच्या खिडकीवर साहेबांनी पासपोर्टाची पानं उलटसुलट चाळली आणि विचारलं, “भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का कुठाय?” परत मागे आलो. दुकानांच्या रांगेतच इमिग्रेशनची कचेरी होती, दहा मिनिटांपूर्वी आम्ही तिच्यासमोरूनच गेलो होतो. शिक्का घेतला आणि पुन्हा रांगेत. जयगावलाही परदेशी पासपोर्टवाल्याने आधी भारताचा शिक्का घ्यायचा आणि मगच गेट ओलांडायचं. परतताना हेच उलट क्रमाने.

आठवडाभरच रजा असेल तर एकच देश धरा. पंधरा दिवस असतील तर सिलीगुडीत मुक्काम ठेवा: तिथून पानीटंकीची नेपाळ सीमा तासा-दीड तासावर, आणि नेपाळ करून परत आलात की जयगावही एका दिवसाच्या आत गाठता येतं.