पौष-माघात घरात फुलवायची फांदी: गिरिपुष्प, चाफा, कांचन की पळस?

थंडीत फांद्या तोडून घरात फुलवायच्या म्हटलं की इंटरनेटवर फोर्सिथिया (थंड प्रदेशातलं पिवळ्या फुलांचं झुडूप), चेरी आणि पीच यांचीच माहिती मिळते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात तिचा उपयोग नाही. त्या झाडांच्या कळ्या गारठ्यात कित्येक आठवडे काढल्याशिवाय जाग्या होत नाहीत. पीचच्या नेहमीच्या जातींना 7 अंशांखालचे 600 ते 900 तास लागतात आणि बेळगावचं जानेवारीतलं किमान तापमान सरासरीनं 14 अंशांच्या आसपास असतं.

आपल्या पानझडी झाडांचं गणित वेगळं आहे. पाऊस संपतो, जमीन सुकते, पानं गळतात आणि उघड्या फांदीवर कळ्या फुगतात. थंडी मोजत बसायला नको, कळी कितपत तयार आहे ते ओळखता आलं पाहिजे.

पहिल्यांदाच करणार असाल तर गिरिपुष्प घ्या. बांधावर हिरवळीच्या खतासाठी लावलेलं हे झाड, कन्नडमध्ये गोब्बरद गिड. जानेवारी-फेब्रुवारीत पानं गळून फांदीभर फिकट गुलाबी घोस येतात. घोस बुडाकडून उमलत जातो, म्हणून बुडाची एक-दोन फुलं उघडलेली आणि वरच्या कळ्यांच्या टोकाला गुलाबी रंग दिसू लागलेली फांदी निवडा. बारीक, कडक, हिरव्या कळ्यांची फांदी आणली तर त्या पाण्यात तशाच सुकतात. करंगळीएवढ्या जाडीची, 2 ते 3 फुटांची फांदी फुलदाणीत नीट बसते. तिची खोट म्हणजे फुलं गळतात आणि रोज टेबल झाडावं लागतं. शिवाय बिया आणि साल विषारी आहेत, उंदीरमारी हे दुसरं नाव त्यावरूनच पडलं. शेळ्या पाला खातात म्हणून निर्धास्त राहू नका; घरात कुत्रं किंवा रांगतं मूल असेल तर फांदी उंचावर ठेवा.

जास्त दिवस टिकायला हवी असेल तर पांढरा चाफा. जाड फांदीत अन्न-पाण्याचा साठा असतो, त्यामुळे तोडल्यावरही टोकाच्या तुऱ्यातली फुलं थोडी थोडी करून उमलत राहतात. मात्र तुरा बाहेर पडलेलीच फांदी हवी, आणि ती बहुधा फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये मिळते. संक्रांतीला हवी असेल तर चाफ्याच्या भरवशावर राहू नका. तोडलेल्या टोकातून चीक गळतो. तो पाण्यात उतरला की पाणी गढूळ होतं आणि टोकाशी साकळला की फांदीला पाणी ओढता येत नाही. टोक अर्धा तास खाली करून निथळू द्या, कोमट पाण्यानं धुवा, मगच फुलदाणीत ठेवा. चिकानं त्वचेची आग होते, हातमोजे घाला.

कांचन दिसायला सगळ्यांत देखणा, पण टिकाऊ नाही. उघडलेलं फूल एक-दोन दिवसांत मान टाकतं. पाहुणे येणार असतील त्याच्या आदल्या दिवशी, मोठ्या लांबट कळ्या असलेली फांदी आणावी.

पळस, पांगारा आणि काटेसावर घरात आणण्यात फारसा अर्थ नाही. पांगारा-सावरीला काटे, फुलं जड, आणि फुगलेल्या कळ्या सोडून बाकीच्या उघडतच नाहीत. मधामागून मुंग्या येतात त्या वेगळ्याच. आंब्याचा मोहर तर तोडूच नका: फळ जातं, आणि तुडतुड्यांनी सोडलेला चिकटा टेबलाला लागतो.

फांदी कोणतीही असो, कापायची सकाळी ऊन चढण्याआधी, धारदार कात्रीनं, तिरकी. कोयत्यानं टोक चेंगरतं. गिरिपुष्प आणि कांचनाच्या टोकाला इंचभर उभी चीर द्या, पण हातोडीनं ठेचू नका. ठेचलेला भाग लवकर कुजतो. रात्रभर कोमट पाण्याच्या खोल बादलीत, अंधाऱ्या खोलीत ठेवा. फुलदाणीत 1 लिटर पाण्याला 1 छोटा चमचा साखर आणि घरगुती ब्लीचचे 4-5 थेंब. नुसती साखर घातली तर जंतूच वाढतात. दर दोन दिवसांनी पाणी बदला आणि टोक अर्धा इंच नव्यानं कापा.

एवढं करूनही कळ्या गळाल्या तर आधी हवा तपासा. या दिवसांत दुपारची हवा कोरडी असते आणि पंख्याखाली कळ्या न उघडताच वाळतात. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा बारीक फवारा मारा, खिडकीतलं थेट ऊन टाळा. दुसरं कारण बऱ्याचदा शेजारीच असतं: केळ्यांचा घड. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं फुलं लवकर गळतात.

फांद्या स्वतःच्या बांधावरच्या किंवा विचारून घेतलेल्या असाव्यात. खानापूरकडच्या राखीव जंगलातून, विशेषतः भीमगड अभयारण्यातून, एकही फांदी तोडू नका. तो गुन्हा आहे. चाफ्याची फुलं संपली की फांदी फेकू नका. कुजलेलं टोक असेल तर कापून टाका, आठवडाभर सावलीत सुकवा आणि वाळूमिश्रित मातीत लावा, पाणी अगदी बेतानं द्या.