नवी टेप, जुनं वायरिंग

जुन्या मोटारसायकलचा फ्यूज बॉक्स आणि कपलर (वायरी एकमेकींना जोडणारे प्लॅस्टिकचे प्लग) बदलायला गाडी कुणाकडे सोडणार असाल, तर आधी हे वाचा. माझ्याकडून फ्यूज बॉक्स, आठ कपलर आणि मेन वायर यांचे पैसे घेतले गेले. आठांपैकी खरोखर नवं बसलं होतं एकच कपलर, सीट उघडल्यावर पहिल्यांदा नजरेला पडतं ते.

गाडी वडिलांची, त्यामुळे ती विकायचा विचार कधी आलाच नाही. तक्रार खरी होती. इंडिकेटर लावला की हेडलाइट मिणमिणायचा, आणि हँडल पूर्ण वळवलं की मधूनच फ्यूज उडायचा. बॉक्समधल्या फ्यूज धरणाऱ्या क्लिपा सैल झाल्या होत्या, भोवतालचं प्लॅस्टिक तापून तपकिरी पडलं होतं. ‘बॉक्स आणि कपलर सगळे बदलावे लागतील’ असं मेकॅनिक म्हणाला, ते मला पटलं. आजही म्हणेन, बॉक्स आणि कपलरांबद्दलचं त्याचं निदान चूक नव्हतं. म्हणूनच तर मी विश्वास टाकला.

दोन दिवसांनी गाडी मिळाली. काळीभोर नवी टेप, बॉक्सवर चकचकीत झाकण, हेडलाइट लख्ख. जुने भाग मागितले तर ‘भंगारात गेले’ म्हणाला. मी तिथेच थांबायला हवं होतं. बदललेले जुने भाग परत मागणं हा अविश्वास नाही, आपला हक्क आहे. आणि ते काम सुरू व्हायच्या आधी सांगून ठेवायचं असतं.

फ्यूज उडायचा थांबला होता, याचाच मला आनंद. तिसऱ्या महिन्यात एका रात्री वळणावर टाकीखालून प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला, पाठोपाठ धूर. वर पेट्रोलची टाकी, खाली जळणारी वायर. गाडी बंद केली, सीट काढून आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. ते आठवलं की अजून हात गार पडतात.

दुसऱ्या दिवशी मी सगळी टेप सोलली. फ्यूज बॉक्सचं झाकण तेवढं नवं, खालचा साचा तोच, तपकिरी डागासकट. पाच कपलर जुनेच, वरून पुसलेले, आत पिनांवर हिरवट गंज. उरलेले दोन कापून टाकले होते आणि वायरी नुसत्या पिळून टेपमध्ये दडवल्या होत्या. ना सोल्डरचा डाग दिलेला, ना थिंबल (वायरच्या टोकावर दाबून बसवायचं धातूचं टोक) दाबलेलं. मेन वायर नवी होती खरी, पण टोक ब्लेडनं खरवडलं तर तांबूस मुलाम्याखाली चंदेरी धातू निघाला, म्हणजे तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम. (कलई केलेली तांब्याची तारही चंदेरी दिसते, पण ती खरवडली की आत तांबूस निघते. इथे उलट होतं.) तेवढ्याच जाडीची ॲल्युमिनियमची तार तांब्याइतका करंट पेलत नाही.

पण या सगळ्यापेक्षा मला राग आला तो फ्यूजचा. हेडलाइटच्या खाचेत लाल १० अँपिअरचा हवा, तिथे हिरवा ३० चा होता. मूळ दुखणं हँडलच्या मानेजवळ होतं. तिथे एका वायरचं आवरण घासून तांबं उघडं पडलं होतं आणि हँडल वळलं की ते चासीला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, ओझरतं लागायचं. त्या वायरला हातही न लावता त्यानं मोठा फ्यूज ठोकला. फ्यूज असतो वायर वाचवायला. १० चा असता तर उडाला असता, अंधारात थांबावं लागलं असतं, एवढंच. ३० चा टिकला आणि वायर पेटली. पैसे लुबाडणं एक वेळ सोडून देईन, हे नाही.

फोटो घेऊन त्याच्याकडे गेलो. ‘जुन्या गाडीत असं व्हायचंच,’ एवढंच उत्तर मिळालं.

तुमच्या गाडीची शंका असेल तर फ्यूजचे रंग आधी बघा. पात्याच्या फ्यूजमध्ये १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. कुठल्या खाचेत कितीचा, हे गाडीच्या पुस्तिकेत किंवा बॉक्सच्या झाकणावर असतं. मग मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, हेडलाइट लावा आणि एक पिन जोडाच्या अलीकडे, दुसरी पलीकडे टेकवा. चांगल्या जोडावर व्होल्टचे काही शतांशच दिसतात. माझ्या एका पिळलेल्या जोडावर १.३ व्होल्ट दिसले. ६० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर साधारण ५ अँपिअर ओढतो, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या त्या जोडात साडेसहा वॅटची उष्णता. टेपचा डिंक वितळून बोटांना चिकटत होता तो उगाच नाही.

नंतरचं काम मी एका ऑटो इलेक्ट्रिशियनशेजारी बसून करून घेतलं. टेप गुंडाळायच्या आधी प्रत्येक जोड दाखवायचा, हे सुरुवातीलाच ठरवलं होतं. त्यांनी थिंबलचे पुढचे कान तांब्यावर आणि मागचे आवरणावर दाबले, प्रत्येक वायर ओढून पाहिली, घासलेली वायर बदलली आणि जुना बॉक्स न मागता माझ्या हातात ठेवला. त्याच जागी परत मीटर लावला. ०.०३ व्होल्ट.