सासूबाईंची झोप न मोडणारी बॅटरी

आमच्या घरात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आत घालतात तो सेल. इथेही तेच शब्द ठेवते.

लालबागची आमची खोली 160 चौरस फुटांची. पोटमाळा धरून पाच माणसं झोपतात. मोरीतल्या नळाला पहाटे पावणेपाचला पाणी येतं आणि सहाला जातं. त्याआधी उठून पिंप विसळायचं, पाइप लावायचा, हंडे मांडायचे. ट्यूबलाइट लावायची सोय नाही, कारण थोरला सेकंड शिफ्ट करून एक वाजता आलेला असतो आणि सासूबाईंची झोप एकदा मोडली की मोडलीच. त्यामुळे आमच्याकडे बॅटरी ही बादली-तांब्यासारखी रोज हाताला लागणारी वस्तू आहे.

आधीची बॅटरी एका बटणाची होती. पहिल्यांदा दाबलं की फुल्ल, मग निम्मा उजेड, मग लुकलुक. आणि शेवटी जो उजेड होता तोच ती लक्षात ठेवायची. धाकटा ती घेऊन राजमाचीला गेला, रविवारी रात्री उशिरा आला आणि फळीवर ठेवून झोपला. सोमवारी पहाटे मी नेहमीसारखं बटण दाबलं तर सगळा झोत मोरीच्या बाजूला डोकं करून झोपलेल्या सासूबाईंच्या तोंडावर. त्या दचकून उठल्या. संडास गॅलरीच्या टोकाला. तिकडे जायला निघाल्या तर डोळ्यांपुढे नुसतं काळं, भिंत चाचपडायला लागल्या. मी हाताला धरून नेलं. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एक झगझगीत झोत ती सगळी कमाई क्षणात घालवतो. त्यांचं वय 84. या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड. त्याच आठवड्यात मी विजेच्या सामानाचा बाजार, लोहार चाळ गाठली.

पहिल्या दोन दुकानांत मला एकच प्रश्न विचारला, किती लुमेनची हवी? लुमेन म्हणजे उजेडाचं माप. तिसऱ्या दुकानात मीच विचारलं, कमीत कमी किती होते? तिथल्या मुलाने खालच्या खणातून एक चिनी बनावटीची, बोटभर जाड बॅटरी काढली आणि ओंजळीत धरून बटण दाबून ठेवलं. आत एवढासा उजेड, देव्हाऱ्यातल्या निरांजनाहूनही मंद. मी तिथेच घेतली.

कंपनीचं नाव देत नाही, कारण मला जे आवडलं ते तिच्यातल्या अँड्युरिल नावाच्या प्रोग्रॅममुळे आहे आणि तो वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॅटऱ्यांमध्ये मिळतो. घेताना तेवढं विचारा.

बंद असताना बटण दाबून धरलं की ती कायम सगळ्यात मंद उजेडावर उघडते. आदल्या दिवशी कोणीही, कसाही वापर केलेला असो. तसंच दाबून ठेवलं तर उजेड हळूहळू चढत जातो, हवा तिथे बोट उचलायचं. मधल्या पायऱ्या नाहीत, रेग्युलेटरच्या खटक्यांऐवजी गॅसची ज्योत वाढवल्यासारखं वाटतं. पायऱ्या हव्या असतील तर पुढे सांगते त्या जास्तीच्या सोयी उघडल्यावर, चालू असताना तीनदा दाबलं की त्याही मिळतात. मला नको होत्या.

पण खरी गंमत स्मरणाची. बटण धरून न ठेवता नुसतं एकदा दाबलं तर नव्या बॅटरीतही मुळात शेवटचाच उजेड लागतो, म्हणजे पुन्हा राजमाचीचं तेच. ते बदलता येतं. आधी बंद बॅटरीचं बटण दहा वेळा दाबायचं आणि दहाव्याला धरून ठेवायचं, म्हणजे आतल्या जास्तीच्या सोयी उघडतात. मग आपल्याला हवा तो उजेड लावायचा आणि चालू असतानाच पुन्हा दहा वेळा दाबायचं. झालं. तिथून पुढे एकदा बटण दाबलं की तोच उजेड.

तो उजेड कोणता, हे ठरवायला मला तीन रात्री लागल्या. सगळे झोपल्यावर मी पोटमाळ्याच्या शिडीपाशी उभी राहून एकेक उजेड लावून बघितला. औषधाच्या पट्टीवरचं नाव वाचता आलं पाहिजे, पिंपात पाणी कुठवर आलं ते दिसलं पाहिजे, आणि थोरल्याची पापणी हलता कामा नये. पहिल्या रात्रीचा उजेड जास्त निघाला, कारण मी तो संध्याकाळी दिवे असताना निवडला होता. उजेड निवडायचा तर मध्यरात्रीच निवडा. डोळ्याला दुप्पट वाटायला लुमेन साधारण चौपट लागतात, म्हणून वरच्या टोकाला हजार लुमेनचा फरकही फारसा जाणवत नाही. खालच्या टोकाला मात्र केसाएवढ्या फरकाने माणूस जागा होतो.

मग जिना. 12 ऑक्टोबर 2020 ला अख्ख्या मुंबईची वीज गेली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, तरी आमच्या लाकडी जिन्यात पायरी दिसत नव्हती. तिथे जास्त उजेड लागतो, आणि खाली जाऊन पंप बघून वर येईपर्यंत तो तसाच राहायला हवा. त्याचीही सोय आहे. चालू असताना दहा वेळा दाबून दहाव्याला धरायचं, दुसऱ्या लुकलुकीला सोडायचं, मग जितक्या वेळा दाबाल तितकी मिनिटं. मी दहा ठेवली. बंद केल्यावर दहा मिनिटांच्या आत पुन्हा लावली तर जिन्याचाच उजेड, त्यानंतर लावली तर आपोआप घरचा. आता धाकट्याने कुठेही नेऊ दे.

अडचणी आहेत. आतली माहिती फक्त इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. दहा वेळा दाबायचं, तेही भराभर, हे सासूबाईंना जमणार नाही. पण एकदा मी लावून दिल्यावर त्यांना एकदाच दाबायचं असतं. पूर्ण ताकदीवर लावली तर डोकं पटकन तापतं आणि उजेड आपणहून उतरतो. तापू नये म्हणूनच तशी सोय केलेली असते. पिशवीत चुकून चालू होऊ नये म्हणून बंद असताना चारदा दाबून कुलूप लावता येतं. सेल किती उरला ते बंद असताना तीनदा दाबलं की कळतं. चार लुकलुका, थांबून एक, म्हणजे 4.1 व्होल्ट, जवळजवळ भरलेला. सेल 18650 नावाच्या मापाचा, चार्ज करायचा, नेहमीच्या पेन्सिल सेलने काम भागत नाही.

अंधारात बटण सापडेना, म्हणून सासूबाईंनी स्वतःची एक जाड टिकली बटणाच्या बरोबर खाली चिकटवली. दाबायचे सगळे आकडे मी मराठीत लिहून कपाटाच्या दाराला आतून लावलेत. परवा शेजारच्या वहिनी ते उतरवून घेऊन गेल्या. त्यांच्याकडे चार महिन्यांचं बाळ आहे.