वखारीतला ५०० किलोचा काटा, आठ महिन्यांनी

५०० किलो क्षमता, १०० ग्रॅमचा टप्पा (आकडा शंभर-शंभर ग्रॅमने बदलतो), ६०० बाय ६०० मिमीची प्लेट, मध्ये एकच लोडसेल, म्हणजे भार मोजणारा भाग. जळाऊ लाकूड विकणाऱ्याला हा काटा नव्याने सांगायला नको. पहिल्या तीन महिन्यांत याला पाच तारे दिले असते, सहाव्या महिन्यात एक. आता साडेतीन. कापलेला दीड तारा अख्खा प्लेटखालच्या फटीसाठी आहे.

दोष असा. ५० किलो ठेवा, काटा ५० दाखवतो. १०० ला १००. २०० किलोची फाटी चढवली की १९८. उतरवली की पुन्हा चोख शून्य. म्हणजे रिकामा पाहा किंवा हलकं वजन ठेवून पाहा, चूक सापडतच नाही. सर्व्हिसचा माणूस २० किलोचं वजन आणतो, चारही कोपऱ्यांवर फिरवतो, ‘ओके आहे’ म्हणतो आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. दुसऱ्या तक्रारीला उत्तर मिळतं की लोडसेल गेला, बदलावा लागेल. लोडसेल ठणठणीत होता.

कारण प्लेट उचलल्यावर कळतं. वरच्या फ्रेमच्या चार कोपऱ्यांखाली अडथळ्याचे बोल्ट असतात. जादा वजन आलं की फ्रेम त्यांच्यावर टेकते आणि लोडसेल वाचतो. फ्रेम आणि बोल्ट यांच्यात जेमतेम दोन-तीन मिलिमीटर फट. बाभळीची साल सुकली की तिच्या खपल्या निघतात, त्या याच फटीत जाऊन बसतात. हलक्या वजनाला फ्रेम फारशी वाकत नाही, म्हणून खपलीला लागत नाही. वजन वाढलं की फ्रेम खाली येते, खपलीवर टेकते, आणि तिथून पुढचा थोडा भार लोडसेल चुकवून थेट जमिनीत जातो. किराणा किंवा भंगारवाल्याकडे हा काटा वर्षानुवर्षं चालेल. साल गळणारा माल आमचाच.

नुकसान दुकानदाराचं. २०० ला दोन किलो म्हणजे एक टक्का. दिवसाला दोन टन माल जात असेल आणि किलोला ८ रुपये धरले, तर रोजचे १६० रुपये गिऱ्हाइकाला फुकट. खपली खोलवर अडकली तर उलटंही होतं: माल उतरवल्यावर काटा शून्यावर येत नाही, पोरगं सवयीने झीरोचं बटण दाबतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं वजन चुकतं. माल उतरल्यावर आकडा शून्य नसेल तर बटण दाबू नका, आधी प्लेट उचलून पाहा.

ही तूट महिनोन्‌महिने लपते, कारण दोष सुकण्यावर जातो. ओल्या बाभळीत वजनाच्या ४५ टक्के पाणी धरलं, तर १०० किलोत कोरडं लाकूड ५५. तेच २० टक्क्यांपर्यंत वाळलं की उरतात ६९ किलो. खरेदीच्या वहीत १०० आणि विक्रीत ६९, मग त्यात काट्याने खाल्लेला एक टक्का कोण शोधणार? ओला आणि वाळका माल वेगळ्या थप्पीला लावून वेगळा लिहा, तरच हा हिशोब सुटतो.

तपासायला प्रमाणित वजनं लागत नाहीत. सिमेंटच्या चार गोण्या एकेक करून तोला, आकडे लिहा, मग चारही एकदम ठेवा. बेरजेत पाव किलोपेक्षा जास्त फरक पडला तर खाली काहीतरी टेकतंय. चारही गोण्या वर असतानाच जुनं एटीएम कार्ड (०.७६ मिमी) चारही बोल्टांवरून सरकवून पाहा. अडलं तिथे साल आहे.

सफाईला कोरडा रंगाचा ब्रश, ६० रुपयांचा. ब्लोअर नको, तो चुरा आत ढकलतो. पाणी तर नकोच. काटा सपाट फरशीवर ठेवण्याऐवजी चार पायांखाली सिमेंटचे ठोकळे ठेवले, तर बराचसा चुरा फ्रेममधून खाली पडून जातो. पाणसळीचा बुडबुडा मात्र पुन्हा मध्यावर आणा. कडेने ट्यूबची झालर लावायची तर फक्त वर बांधा, खाली लोंबती सोडा. दोन्हीकडे बांधली की तीही वजन खाते. बोल्ट खाली घेऊन फट वाढवायचा मोह टाळा. खांद्यावरून ओंडका आपटला की लोडसेलला वाचवणारे तेच. शिवाय सील तुटलं की वैधमापन विभागाचा शिक्का गेला. तो तसाही दर १२ महिन्यांनी करून घ्यावा लागतो.

डिस्प्लेचा खांब मागे नको होता. अडीच फुटी ढलप्या ६०० मिमीच्या प्लेटबाहेर येतात आणि खांबाला टेकतात. टेकल्या की पुन्हा वजन कमी. जाळीचा पिंजरा टेअर करून (रिकाम्या पिंजऱ्याला शून्य धरून) त्यात भरणं हा उपाय. बॅटरी ६ व्होल्टची, दिवस काढते. उंदरांनी लोडसेलची केबल कुरतडू नये म्हणून ती लोखंडी पाइपातून न्या.

आता कौतुक. टेम्पोला धर्मकाट्यावर नेण्यापेक्षा हाच बरा. तिथला टप्पा बहुधा ५ किंवा १० किलोचा. डिझेलची टाकी भरलेली की रिकामी, एवढ्यानेच २० किलो इकडेतिकडे. छोट्या हत्तीत ६०० किलो भरणाऱ्याने त्या चिठ्ठीवर भांडू नये. इथे पिंजऱ्यापिंजऱ्याने तोलून भरलं की आचाऱ्याच्या दारात वाद होत नाही.

अजून एक. स्मशानभूमीला एकदम ३०० किलो लागतात. ते चार पिंजऱ्यांत तोला, पिंजऱ्याचा भारही धरावा लागतो. ही फट १०० च्या आत त्रास देत नाही.