खासदाराचं मत आणि खासदाराची भूमिका: मतदान करण्याआधी दोन्ही कशा ताडून पाहायच्या

२० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत महिला आरक्षणाचं घटनादुरुस्ती विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. विरोधातलं एक मत हैदराबादच्या असदुद्दीन ओवैसींचं, दुसरं तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांचं. नुसती मतं पाहिली तर हे दोघे महिला आरक्षणाच्या विरोधात, असं वाटेल. भाषण वाचलं की कळतं, त्यांचा आक्षेप ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी वेगळा वाटा नसण्यावर होता. ओबीसी महिलांच्या वाट्याची मागणी त्याच चर्चेत काँग्रेस आणि समाजवादी पक्षानेही केली होती, पण त्यांनी मत बाजूने दिलं. मागणी जवळपास तीच, मत उलट. यातलं कोण जास्त पटतं हे ज्याचं त्याने ठरवावं, पण ठरवण्यासाठी मत आणि भाषण दोन्ही समोर हवं.

मत नोंदलं गेलं आहे का, हे आधी पाहा

आपल्या संसदेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. पीठासीन अधिकारी 'होय' आणि 'नाही'चा आवाज ऐकून कौल जाहीर करतात. कोण काय म्हणालं, याची नावानिशी नोंद होत नाही. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत दोन कृषी विधेयकं अशीच मंजूर झाली. विरोधकांनी मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचं मत नावानिशी मोजणं, मागितली होती, ती झाली नाही. त्यामुळे त्या दिवशी कुठल्या सदस्याने कसं मत दिलं, याची अधिकृत यादीच नाही. 'मी त्या कायद्यांच्या विरोधात मत दिलं' किंवा 'बाजूने दिलं' असं राज्यसभेतलं कुणी सांगत असेल, तर ते मतांच्या यादीवरून पडताळता येत नाही. कार्यवाहीतलं, म्हणजे सभागृहाच्या कामकाजाच्या अधिकृत छापील नोंदीतलं, त्याचं भाषण तेवढं तपासता येतं.

मतविभागणी झाली की नावं मिळतात. घटनादुरुस्तीला ती असतेच, कारण अनुच्छेद ३६८ प्रमाणे सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश, असं दुहेरी बहुमत मोजावं लागतं. मतविभागणीआधी घंटा वाजते आणि लॉबी रिकामी करून दारं बंद होतात. मग बाकावरची बटणं: हिरवं बाजूने, लाल विरोधात, पिवळं तटस्थ. ज्याचं बटण चुकतं किंवा यंत्रात मत उमटत नाही, तो कागदी चिठ्ठीवर मत देतो. म्हणून फलकावर झळकलेला आकडा अंतिम नसतो. बातमीतला आकडा आणि छापील कार्यवाहीतला आकडा वेगळा दिसला तर कार्यवाहीतला धरा, आणि यादीखालची तळटीपही वाचा. चिठ्ठीने मत दिलेल्यांची नावं तिथे असतात. आपला खासदार मुख्य यादीत दिसला नाही म्हणून त्याला गैरहजर ठरवण्याची चूक इथेच होते.

गैरहजर, सभात्याग, तटस्थ: तीन वेगळ्या गोष्टी

पिवळं बटण दाबणाऱ्याचं नाव 'तटस्थ' म्हणून छापलं जातं. गैरहजर आणि सभात्याग केलेल्या सदस्यांची नावं मतांच्या यादीत नसतातच. सभात्याग शोधायचा तर यादीच्या आधीची पानं चाळावी लागतात. 'या वेळी अमुक सदस्य आणि इतर काही सदस्य सभागृहाबाहेर गेले' अशी कंसातली ओळ तिथे सापडते. सभात्याग करणाऱ्याने निदान जाहीरपणे काहीतरी सांगितलं. नुसत्या गैरहजर खासदाराला मात्र कारण विचारलंच पाहिजे.

महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण डिसेंबर २०१९ चं. नागरिकत्व दुरुस्ती विधेयक ९ डिसेंबरला लोकसभेत ३११ विरुद्ध ८० मतांनी मंजूर झालं, तेव्हा शिवसेनेने बाजूने मत दिलं. दोनच दिवसांनी, ११ डिसेंबरला, राज्यसभेत त्याच पक्षाने सभात्याग केला. मध्ये विधेयकाचा मजकूर बदललेला नव्हता. राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादीसोबतचं सरकार येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. कुणाला ही दबावापुढे घेतलेली माघार वाटेल, कुणाला चुकीची दुरुस्ती. पण फक्त लोकसभेची यादी पाहणाऱ्याला यातलं काहीच कळणार नाही. पक्षाची भूमिका पाहताना दोन्ही सभागृहं बघायची ती याचसाठी.

सभागृहाबाहेर राहण्याचा गणितावरही परिणाम होतो. साध्या विधेयकाला हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरतं. त्यामुळे विरोधक बाहेर गेला की मंजुरी सोपी होते. १७ डिसेंबर २०२४ ला लोकसभेत 'एक देश, एक निवडणूक'चं घटनादुरुस्ती विधेयक मांडण्यावर २६९ विरुद्ध १९८ असं मतदान झालं. मांडायला साधं बहुमत लागतं, म्हणून ते मांडलं गेलं. हेच अंतिम मंजुरीचं मतदान असतं, तर ४६७ मतांपैकी किमान ३१२ लागली असती, शिवाय ५४३ च्या सभागृहात २७२ चा आकडा वेगळा गाठावा लागला असता. तेव्हा 'विधेयक मांडण्याच्या बाजूने' आणि 'विधेयक मंजूर करण्याच्या बाजूने' या दोन मतांची गल्लत करू नका. प्रचारपत्रकांत ती सर्रास होते.

मत पक्षाचं, मग माणसाचं काय?

१९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने घटनेत दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, आलं. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं, आधी परवानगी घेतलेली नसली आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. परिणामी एकाच पक्षाच्या दोन खासदारांची मतं जवळपास हुबेहूब सारखी निघतात. मतांवरून पक्षांची तुलना होते. त्याच पक्षाच्या मागच्या आणि आताच्या खासदाराची तुलना मतांवरून करणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

माणूस दिसतो तो समित्यांच्या अहवालांत, आणि आपल्याकडे हाच कागद सर्वांत कमी वाचला जातो. वक्फ दुरुस्ती विधेयकावरच्या, दोन्ही सभागृहांतल्या खासदारांच्या संयुक्त समितीत महाराष्ट्रातून ठाण्याचे नरेश म्हस्के होते आणि दक्षिण मुंबईचे अरविंद सावंतही होते. पूर्वी एकाच शिवसेनेतले हे दोघे तिथे समोरासमोर होते. एप्रिल २०२५ मध्ये लोकसभेत विधेयक २८८ विरुद्ध २३२ मतांनी मंजूर झालं, तेव्हा शिंदे गट बाजूने आणि ठाकरे गट विरोधात होता. हे मत पाहायला एक मिनिट पुरतं. पण समितीच्या अहवालाला विरोधी सदस्यांनी जोडलेली असहमतीची टिपणं वाचली, तर कुठल्या कलमावर कुणाचा नेमका काय आक्षेप होता ते समजतं. ज्याने कलमाचा क्रमांक देऊन आक्षेप लिहिलाय त्याने विधेयक वाचलंय, एवढं खात्रीने म्हणता येतं. ज्याने दुरुस्ती सुचवून ती मतदानाला लावून धरली, त्याचं वजन आणखी जास्त.

प्रश्नांच्या आकड्याचं कौतुक जरा बेतानेच करावं. लोकसभेत रोज २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत येतात, तेही सोडतीतून. एकाच विषयावर अनेकांनी विचारलेले प्रश्न एकत्र करून एकाच क्रमांकाखाली छापले जातात, आणि मोजणीत प्रत्येकाच्या नावावर एकेक चढतो. '४०० प्रश्न विचारले' या दाव्यात स्वतःचे किती, हे प्रश्नाखालची नावं मोजल्याशिवाय कळत नाही. दहा प्रश्न उघडून वाचा. 'योजनेखाली देशात किती निधी दिला' असा प्रश्न कुणीही विचारेल. आपल्या मतदारसंघातल्या रेल्वेमार्गाचं, कालव्याचं किंवा रुग्णालयाचं नाव घेऊन तारीख मागणारा प्रश्न वेगळा. मंत्र्याचं उत्तर 'माहिती गोळा केली जात आहे' असं असेल, तर ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. खासदाराने त्याचा पाठपुरावा केला का, हेही पुढच्या अधिवेशनांत शोधता येतं.

हजेरीचा आकडा सर्वांत सोपा आणि सर्वांत पोकळ. नोंद केली म्हणजे दिवसभर बसला असं नाही. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत. नागपूरचे नितीन गडकरी २०१४ पासून मंत्री आहेत. त्यांच्या नावापुढे प्रश्न शून्य दिसले तर तो नियमाचा भाग आहे, आळसाचा नव्हे. मंत्र्याचं मोजमाप त्याने मांडलेल्या विधेयकांवरून आणि दिलेल्या उत्तरांवरून करायचं. गडकरींच्या बाबतीत २०१९ ची मोटार वाहन दुरुस्ती हा वाचण्याजोगा विषय आहे.

खासगी विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेली विधेयकं, मंजूर होत नाहीत म्हणून ती बाजूला टाकू नका. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, तरीही खासदार स्वतःच्या मनाने कुठला विषय निवडतो हे तिथेच कळतं. सुप्रिया सुळे यांचं कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेल न घेण्याच्या हक्काचं विधेयक या प्रकारातलं. खासदार निधीची कामं मात्र वेगळ्या वहीत ठेवा. वर्षाला ५ कोटींपर्यंतची कामं खासदार सुचवतो आणि जिल्हा प्रशासन ती करतं. समाजमंदिराच्या पाटीवरून संसदेतलं काम कळत नाही.

प्रत्यक्ष तुलना करायची तर मुदतीतल्या पाच-सहा मतविभागण्या निवडा, त्यात निदान दोन आपल्या पोटाशी संबंधित असू द्या. प्रत्येकीसाठी चार गोष्टी लिहा: मत, त्या दिवसाचं भाषण, महिनाभर आधी मतदारसंघात केलेलं विधान आणि सुचवलेली दुरुस्ती. भाषण आणि मत संसदेच्या संकेतस्थळावर मिळतं, जुनं विधान स्थानिक दैनिकात. दोन संध्याकाळी पुरतात. समोरचा उमेदवार कधीच खासदार नसेल, तर त्याच पाच विधेयकांवर 'तुम्ही काय केलं असतं' हे प्रचारसभेत विचारा. आणि पत्रकावर 'संसदेत आवाज उठवला' असं छापलं असेल, तर तारीख मागा. तारीख मिळाली की कार्यवाहीचं पान मिळतं, आणि तो आवाज शून्य प्रहरात (तातडीचे विषय मांडण्याच्या वेळेत) प्रत्यक्ष उठला होता की लेखी निवेदन नुसतं पटलावर ठेवलं होतं, हेही त्याच पानावर लिहिलेलं असतं.