हॉल दाखवणारा माणूस त्या हॉलचा नव्हताच

एक लाख पंचवीस हजार रुपये. पहिल्या दिवशी ५१,०००, दुसऱ्या दिवशी ७४,०००. धाकट्या बहिणीच्या लग्नाचे पैसे मी माझ्या हातांनी पाठवले. सांगायची लाज वाटते, तरी लिहितोय, कारण उद्या हाच माणूस तुमच्यापुढे उभा असेल.

जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला, ‘बुकिंग मॅनेजर’ फाटकाशीच भेटला. आत दुसऱ्या लग्नाची सजावट चालू होती, माणसांची ये-जा होती, त्याला कोण हटकणार? स्टेज, पार्किंग, जनरेटर, सगळं फिरवून दाखवलं. काहीही विचारा, उत्तर तोंडपाठ. मग आई म्हणाली, नवरीची खोली बघू. त्याने खिशातून जुडगा काढला, एकेक करून तीन किल्ल्या लावल्या. एकही लागेना. “कुलूप आजच बदललंय, किल्ली ऑफिसात आहे.” ऑफिस समोर वीस पावलांवर! तो तिकडे गेला नाही आणि मीही “चला, घेऊन येऊ” म्हटलं नाही. तिथेच कळायला हवं होतं. ती वीस पावलं अजून मला झोपू देत नाहीत.

पैसे पाठवताना स्क्रीनवर हॉलचं नाव नव्हतं, भलत्याच माणसाचं होतं. म्हणे, मालकांच्या भाच्याचं खातं, तुमचा जीएसटी वाचेल. खातं असं कुणाचं वैयक्तिक निघालं तर तिथूनच परत फिरा. शिकलेले असून फसलात कसे, असं नातेवाईक विचारतात. अहो, चार हॉल बघून झाले होते, सगळीकडे तारीख गेलेली, आणि हा सांगतोय की संध्याकाळी दुसरी पार्टी टोकन द्यायला येतेय.

एकोणीस दिवसांनी सजावटीचं बोलायला ऑफिसात गेलो, तेव्हा खरं कळलं. तारीख दुसऱ्यांच्या नावावर, आमची पावती खोटी. बुकिंगचं रजिस्टर ऑफिसात बसून स्वतः बघा, तारखेपुढे आपलं नाव लिहून घ्या.

चौकीत गेलो, तर आमच्या हद्दीत येत नाही, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतःच पाठवलेत, दिवाणी दावा लावा. फसवणूक दिवाणी कशी? आणि हद्दीचं काय घेऊन बसलात? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. हे मी म्हटल्यावर साहेब म्हणाले, “वकील आहात का?” चार फेऱ्या झाल्या, हातात फक्त अर्जाची पोच. बँकेने हात वर केले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी एकोणीस दिवसांनी फोन केला, तोवर खातं रिकामं. तुम्ही त्याच तासाला करा, पैसे खात्यात असतील तरच अडवता येतात.

सगळ्यात संताप हॉलच्या खऱ्या मॅनेजरचा आला. अशीच पावती घेऊन दोन कुटुंबं आधी येऊन गेली होती म्हणे! मग फाटकावर पाटी का नाही लावली? “बदनामी होते हो.”

त्या दोन कुटुंबांपैकी कुणापर्यंत हे पोचलं, तर कृपा करून पुढे या. तिघं मिळून गेलो तर साहेबांना फिर्याद घ्यावीच लागेल.